मधला रुमाल

१

दुपारी तीनला गिरणीची पाळी सुटली की तुरोब घरी यायचा, अंगणातल्या नळाखाली राख लावून हात घासायचा आणि मगच रुमालांना शिवायचा. रंगखात्यात काम करणाऱ्याच्या बोटांत रंग मुरलेला असतो, आणि जादूच्या रेशमावर एवढासा डाग पडला तरी सगळी मेहनत पाण्यात. बावीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. मर्गिलानमध्ये रेशीम विणणारे गल्लोगल्ली होते. रेशमाची जादू करणारा तेवढा तुरोबच.

जादू तशी जुनीच. लाल आणि निळा रुमाल टोकाला टोक बांधून काचेच्या पेल्यात कोंबायचे. पिवळा रुमाल मुठीत घ्यायचा, फुंकर मारायची, मूठ उघडायची. रिकामी. मग पेल्यातल्या लालचं टोक धरून झटका द्यायचा. लाल, पिवळा, निळा! पिवळा दोघांच्या मधे, दोन्हीकडून गाठ मारलेला. यातली मेख एवढीच, की पिवळे रुमाल दोन असतात. एक मुठीतून बाहीत सरकतो. दुसरा आधीच निळ्याला बांधून निळ्याच्या दुहेरी घडीत दडवलेला असतो. त्याचं बाहेर काढलेलं टोकच निळ्याचं म्हणून लालला बांधायचं.

हे सगळं तो एक शब्द न बोलता, तबकडीच्या संगीतावर करायचा. आता गावाला ते पाठ झालं होतं. यंदाच्या नवरोजला त्यानं पिवळा मुठीत घेतला न घेतला, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "आका, मधेच येणार ना तो? मग मी तोवर चहा पिऊन येतो!" सगळं सभागृह हसलं. तुरोबही हसला. त्या दिवशी त्यानं पेटी आवरताना रुमालांच्या घड्या मात्र नीट घातल्या नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीला सांस्कृतिक भवनाच्या संचालिका होलिदा-ओपांनी त्याला बोलावून घेतलं. वयानं त्या त्याच्याहून लहान, पण खुर्चीमुळे सगळेच त्यांना ओपा, म्हणजे ताई, म्हणत, जसं तुरोबला आका, म्हणजे दादा. मे महिन्यात प्रांतातल्या हौशी कलाकारांची स्पर्धा त्यांच्याच सभागृहात होणार होती. ताश्कंदहून परीक्षक येणार होते.

"तुरोब-आका, रागावू नका," त्या पियाल्यात चहा ओतत म्हणाल्या. "हात तुमचा सोन्याचा आहे. पण तुमच्या रुमालाचं मला काय पडलंय?"

"म्हणजे?"

"गेला तर गेला, आला तर आला. माझ्या जिवाला काही होत नाही. रुमाल नाहीसा झाला की माणसाला हुरहूर लागली पाहिजे. कुठं गेला असेल, परत येईल का, असं. काहीतरी गोष्ट सांगा त्याच्याबरोबर. नाहीतर मला तुमच्या जागी अंदीजानचे दोरीवर चालणारे घ्यावे लागतील."

आठवड्याभरानं तो गोष्ट घेऊन गेला. पिवळा रुमाल म्हणजे रेशमाची अळी, ती कोषात जाते, मग पाखरू होऊन येते.

"ही शाळेतली गोष्ट झाली," होलिदा-ओपा म्हणाल्या. "आणि मर्गिलानच्या माणसाला तुम्ही अळी शिकवणार?"

दुसऱ्या खेपेला त्यानं लाल नवरी केली, निळा नवरा केला. मधला पिवळा म्हणजे त्यांचं प्रेम.

"त्यापेक्षा मधली सासू म्हणा. निदान लोक हसतील तरी."

तुरोबनं रुमाल गोळा केले. उठता उठता, काही मनात नसताना, तो म्हणाला, "नाहीतर असं करतो. लाल आई, निळा बाप. मधे त्यांचा मुलगा. मुलगा लांब जातो. पत्रं येतात, मग यायची थांबतात. आणि एक दिवस..."

त्यानं लालचं टोक झटकलं. पिवळा मधे लटकत होता.

होलिदा-ओपांच्या हातातला पियाला तसाच राहिला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे ठेवा. पण फौजेचं नाव काढू नका. कामाला गेला म्हणा."

२

तुरोबचा मुलगा दावरोन चार वर्षांपूर्वी अफगाणिस्तानातून परत आला होता. जस्ताच्या पेटीतून. पेटी झाळून बंद केलेली होती, उघडायची नाही असा हुकूम होता, आणि सोबत आलेला अधिकारी माती पडेपर्यंत, एकदा सोडता, तिच्याजवळून हलला नव्हता. दावरोन वीस वर्षांचा होता.

त्याची आई रिसोलत तेव्हापासून कमी बोलायची. घरातच माग होता. त्यावर ती दिवसभर रेशीम विणत बसे. ती नवऱ्याला 'दादासी' म्हणायची, म्हणजे पोराचे बाबा. तो तिला 'ओनासी' म्हणायचा, पोराची आई. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून दोघांना याच हाकांची सवय. पोर गेल्यावरही हाका तशाच राहिल्या, कारण दुसऱ्या त्यांना येतच नव्हत्या.

सरावासाठी मोठा आरसा लागतो आणि तो फक्त दावरोनच्या खोलीतल्या कपाटाला होता. खोलीत त्याची गादी घडी करून ठेवलेली होती. खुंटीला फडक्यात बांधलेलं नान टांगलेलं होतं. फौजेत जाणाऱ्याला निघताना घरच्या नानाचा एक घास चावायला लावतात आणि उरलेलं जपून ठेवतात, परत आल्यावर त्यानंच ते संपवायचं म्हणून. पेटी आली त्या दिवशी शेजारणी म्हणाल्या, आता हे पाखरांना घाल. रिसोलतनं ऐकलं नव्हतं.

त्या खोलीत तुरोब दुपारभर गोष्ट घोळवू लागला. कुठं थांबायचं, कुठं प्रेक्षकाकडे बघायचं, मूठ किती हळू उघडायची. 'पत्रं यायची थांबली' या वाक्यानंतर तीन श्वास काहीच बोलायचं नाही, हे त्याला चौथ्या दिवशी सापडलं. त्या शांततेत मूठ उघडली की स्वतःच्या अंगावरही काटा यायचा. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याला ही जादू येतेय.

भिंतीपलीकडे मागाची खटखट चालू असायची. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "आणि एक दिवस दार वाजलं. आईनं विचारलं, कोण? आवाज आला, मी," आणि त्यानं लाल झटकला, तेव्हा खटखट थांबलेली होती. कधी थांबली ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानं रुमाल टेबलावर ठेवले आणि पुढच्या खेपेसाठी पिवळ्या-निळ्यातली गाठ सोडायला घेतली. ती सुटेना.

ती गाठ तो स्वतः बांधायचा, सैल, एका बोटानं सुटेल अशी. ही करकचून ओढलेली होती. आणि उलटी होती. डाव्या टोकावर उजवं यायला हवं, तिथं उजव्यावर डावं होतं.

दावरोन डावरा होता. लहानपणी तुरोबनं त्याला ही गाठ शिकवायला दोन हिवाळे घालवले होते. पोराची गाठ दर वेळी उलटी यायची आणि तुरोब म्हणायचा, "तुझे हात तुझ्या मामानं उलटे शिवलेत." पोर हिरमुसायचं. शेवटी त्यानं रुमालांना हात लावणंच सोडलं.

आरशात बघून सराव करतोय, म्हणून उलटी दिसली, असं तुरोबनं मनाशी म्हटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की रुमाल आरशात नाहीत. टेबलावर आहेत. म्हणजे आपणच चुकून उलटी बांधली असणार. डोक्यात पोर होतं, हात त्याच्यासारखे चालले. असं होतं. गाठ शेवटी त्यानं दातांनी सोडवली.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं रुमाल भरताना गाठ दोनदा तपासली. गोष्ट सुरू केली. पलीकडची खटखट या वेळी पहिल्याच वाक्याला थांबली आणि दारात रिसोलत येऊन उभी राहिली.

"मी रोज ऐकते," ती म्हणाली. "आज बघते."

"ओनासी, ही नुसती गोष्ट आहे. स्पर्धेसाठी."

"मग सांगा की. मी कुठं नको म्हणतेय?"

ती घडी केलेल्या गादीच्या कडेला बसली. तुरोबला वाटलं, बंद करावं. पण एवढ्या दिवसांत ती आपण होऊन जवळ येऊन बसली नव्हती. त्यानं गोष्ट सांगितली. तीन श्वास तो थांबला तेव्हा तिनंही श्वास धरून ठेवला. दार वाजलं. आईनं विचारलं, कोण?

"मी," रिसोलत म्हणाली. त्याच्या आधी.

त्यानं लाल ओढला. नेहमी रेशीम हवेसारखं सुळकन येतं. आज ते जडपणे आलं, विहिरीतून पोहरा यावा तसं. लाल, मग पिवळा, मग निळा.

रिसोलतनं पुढं होऊन पिवळा हातात घेतला आणि गालाला लावला.

"गरम आहे," ती म्हणाली.

तुरोबनं हात लावून पाहिला. खिशातून, अंगालगतच्या खिशातून नुकतं काढलेलं काही असतं, तेवढा तो गरम होता. खिडकी उत्तरेला होती. खोलीत ऊन येत नव्हतं. 'माझ्याच हाताची ऊब,' असं तो म्हणणार होता, पण तोंड उघडं तसंच राहिलं, कारण बाहीत त्याच्या मनगटाला काहीतरी लागलं. बाहीत पहिला पिवळा होता. तो असायलाच हवा होता. त्यानं निळा उचलला, त्याची घडी बोटांनी चाचपली आणि उलगडली. आत दुसरा पिवळा जसा भरला होता तसाच बसलेला होता. बाहेर आलाच नव्हता.

पिवळे दोन होते. बावीस वर्षं दोनच होते. आता तीन झाले.

"कुठून आला हा?" रिसोलतनं विचारलं.

"माझ्याकडे असेल एखादा जादा." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "जुना. पेटीत राहिलेला."

रिसोलतनं रुमाल उजेडात धरला, धागा बघितला, काठ बघितला. तुरोबचे सगळे रुमाल तिनंच विणलेले होते. "माझ्या मागावरचा नाही," ती म्हणाली. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. तिनं त्याच्या गाठी सोडल्या आणि तो घडी करून छातीशी खोचला. "परत करा."

"आज नको."

"दादासी, परत करा."

त्यानं परत केलं नाही. पण त्या दिवसापासून पाळी सुटून तो घरी आला की ती आधीच खोलीत जाऊन बसलेली असायची, डोक्याला धुतलेला रुमाल बांधून, पाहुणा येणार असल्यासारखी. माग बंद पडला. त्यावरचा ताणा अर्धवट राहिला.

४

एप्रिल संपत आला तेव्हा तुरोबनं सराव भवनावर हलवला. घरात करायचाच नाही, असं ठरवलं. चार दिवस सगळं ठीक होतं. पिवळे दोन, गाठ सैल, रेशीम हलकं. त्याला हसू आलं. माणूस दमला की मोजताना चुकतो, बायको दुःखी असली की नवऱ्यालाही भास होतात. इतकं सोपं होतं ते.

पाचव्या दिवशी तो घरी आला तेव्हा दावरोनच्या खोलीतून आवाज येत होता. रिसोलत गोष्ट सांगत होती. त्याचीच, शब्दन् शब्द. फक्त तिच्याकडे रुमाल नव्हते, तो एक पिवळा सोडला तर.

"...पत्रं यायची थांबली," ती म्हणाली आणि थांबली.

तुरोब ओसरीवर उभा राहिला. एक श्वास. दोन. तिसऱ्या श्वासाला आतून एक बारीक आवाज आला. कुरकुर. सुकलेलं काहीतरी दातांखाली यावं तसा. मग पुन्हा.

तो धावत आत गेला. रिसोलत गादीच्या कडेला बसली होती, हात मांडीवर, ओठ मिटलेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खुंटीवर नान होतं, पण त्याच्यावरचं फडकं खाली पडलेलं.

त्यानं नान खाली उतरवलं. इतक्या वर्षांत त्याचा दगड झाला होता. टेबलावर ठेवताना टणकन वाजलं. एका बाजूला दावरोनचा घास होता, अर्धगोल. आणि त्याच्या शेजारी दुसरा घास होता. ताजा. कडेचा चुरा अजून जमिनीवर होता.

"तू खाल्लंस?"

"माझ्या दातांनी ते तुटेल?" ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. चार वर्षांत त्यानं तो तसा पाहिला नव्हता. "भूक लागली असेल हो त्याला. कुठून कुठून येतोय."

तुरोबनं नान खिडकीशी नेलं. दावरोनच्या पुढच्या दोन दातांत फट होती. लहानपणापासून होती, तो त्या फटीतून शीळ घालायचा. जुन्या घासात, बरोबर मधे, त्या फटीची बारीक उभी रेघ उमटलेली होती. पीठ मऊ असताना जशी राहिली तशीच सुकली होती.

नव्या घासात रेघ नव्हती. कडेपासून कडेपर्यंत दात एकसारखे, एकमेकांना चिकटलेले होते. आणि ते जरा जास्त होते. त्यानं मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

"ओनासी, हे बघ. हा दावरोन नाही."

"चार वर्षांत माणूस बदलतो."

"दात बदलतात का?"

"दादासी," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही जादूगार ना? तुमच्यासमोर एक बंद पेटी आणून ठेवली, उघडू नका म्हणाले, आणि तुम्ही मान डोलावली. तुम्ही! दुसरा कुणी असता तर मी समजले असते. लोकांपुढं पेटी कुलूप लावून ठेवतात तेव्हा ती रिकामी असते, हे मला कुणी सांगितलं होतं? जादू करायला लागलात त्या पहिल्याच महिन्यात?"

ती पेटी रिकामी नव्हती, हे तुरोबला ठाऊक होतं. चार वर्षं तो ते गिळून बसला होता.

५

पेटी आली त्या दिवशी सोबतचा अधिकारी एकदाच उठला होता, नळावर तोंड धुवायला. तेवढ्यात तुरोब पेटीजवळ एकटा होता. झाकणाला चेहऱ्याच्या जागी हाताच्या पंजाएवढी काच होती, आतून पांढऱ्या रंगानं लिंपलेली. लिंपताना एका कोपऱ्यात रंग पातळ बसला होता. तुरोब वाकला आणि तिथं डोळा लावला.

त्याला फारसं दिसलं नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत. फक्त ओठ, थोडे उघडे राहिलेले. वरचे दोन दात आणि त्यांच्यातली फट.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. रिसोलत 'पेटीत तो नसेलच' म्हणू लागली तेव्हा त्याला वाटलं, म्हणू दे. एवढाच तिचा आधार आहे, तो काढून घेऊन आपण तिला काय देणार? पहिलं वर्ष असंच गेलं. मग सांगण्याची वेळ निघून गेली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी, ती चांगले कपडे घालत असताना, त्यानं सांगितलं. सगळं. काच, रंग, ओठ, दात.

रिसोलत ऐकत राहिली. तिनं कानातलं घातलं, आरशात पाहिलं.

"तुम्हाला दिसलं," ती म्हणाली.

"माझ्या डोळ्यांनी."

"डोळ्यांना जे दिसतं ते खरं नसतं, हेच तर तुम्ही लोकांना दाखवता." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "चार वर्षं मला बोलला नाहीत. आणि आज, तो दारापर्यंत आलाय तेव्हा सांगताय. का? तुम्हाला तो नकोय?"

"तो नाही गं तो!"

"तुम्हाला तसाही कधी पसंत नव्हता. हात उलटे म्हणून."

ती पुढं चालू लागली. तुरोब रुमालांची पेटी घेऊन तिच्या मागून निघाला. तुतीच्या फांद्या अळ्यांना खायला घालायला तोडून नेल्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांची नुसती खोडं उभी होती. वाटेतच त्यानं ठरवलं. आजवर आपण गोष्टीत मुलाला घरी आणत होतो. ज्याला यायचंय तो त्याच वाक्यातून येतोय. आज ते वाक्य बोलायचंच नाही.

६

सभागृह भरलेलं होतं. गिरणीतली अर्धी माणसं आली होती. खुर्च्या जुन्या लाकडी, बैठकीला स्प्रिंगची कमान असलेल्या. माणूस उठला की बैठक फटकन वर उडायची, त्यामुळे खेळ सुरू होईपर्यंत नुसती फटफट चालायची. पहिल्या रांगेत मधोमध ताश्कंदचे दोन परीक्षक, एका बाजूला होलिदा-ओपा, आणि त्यांच्या पलीकडे एक खुर्ची सोडून रिसोलत. मधल्या खुर्चीची बैठक वर उडालेली होती. कुणी बसायला गेलं की रिसोलत हात आडवा करत होती.

तुरोबनं भवनाच्या पडद्यामागे निळा रुमाल उलगडला, घडीतला पिवळा सोडवून पेटीत टाकला आणि लाल-निळा सरळ एकमेकांना बांधले. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या जादूत काहीही न दडवता रंगमंचावर गेला.

"एक आई होती," त्यानं सुरुवात केली. "एक बाप होता."

मागून नेहमीचा आवाज आला, "आका, चहाला जाऊ का?" दोघंतिघं हसले. मग हसू बसलं. मुलगा कामाला निघाला. मुलाची पत्रं आली. त्यात लिहिलं होतं, इथले खरबूज आपल्यासारखे गोड नाहीत. पत्रं यायची थांबली. पिवळा मुठीत गेला. तुरोब एक श्वास थांबला, दुसरा थांबला, तिसरा थांबला. त्यानं मूठ उघडली. सभागृहात कुठंही बैठक वाजली नाही.

"आईनं रोज दार उघडं ठेवलं," तो म्हणाला. आता पुढं तो कधीही न बोललेलं बोलणार होता, आणि त्याच्या लक्षात आलं की हे सांगायला आपण चार वर्षं गोष्ट शोधत होतो. "बापाला ठाऊक होतं. त्यानं सांगितलं नाही. आज सांगतो. मुलगा परत आला नाही. तो येणार नाही. कधीच. त्या घरात आता दोघंच आहेत."

त्यानं लाल ओढला. रेशीम हलकं आलं, हवेसारखं. लाल आणि निळा. मधे काही नव्हतं, नुसती गाठ.

कुणी टाळी वाजवली नाही. मग मागच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन रडली, आणि त्यापाठोपाठ सगळीकडून आवाज येऊ लागले. गिरणीतले ओळखीचे चेहरे ओले झाले होते. मर्गिलानमध्ये तशी पेटी आलेलं घर काही त्याचं एकट्याचं नव्हतं. थोरल्या परीक्षकानं चष्मा काढला. तुरोबच्या छातीवरचं ओझं उतरलं. झालं, त्यानं मनात म्हटलं. संपलं.

मग त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं.

होलिदा-ओपा रडत नव्हत्या. त्या झगा आवरून, गुडघे एका बाजूला वळवून बसल्या होत्या, शेजारच्याला ऐसपैस जागा लागत असली की बायका बसतात तशा. नाकाला रुमाल लावला होता. त्यांचं लक्ष रंगमंचाकडेच होतं. आपण असं का बसलोय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीची बैठक खाली होती.

पूर्ण खाली, दाबलेली. कमान ताणलेली. आणि रिसोलत त्या खुर्चीकडे वळून, हात वर करून, हवेत कुणाची तरी कॉलर नीट करत होती. तिचा हात जितका वर गेला होता तितका उंच दावरोन नव्हता.

तुरोबच्या हातातून रुमाल गळाले. दावरोन येणार नाही, हे त्यानं आत्ताच साऱ्या गावासमोर, स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं. त्या जागेवर हक्क असलेला एकच होता, आणि बापानं त्याचा हक्क सोडून दिला होता. आता ती जागा दुसऱ्या कुणालाही मोकळी होती.

७

बक्षीस त्यालाच मिळालं. होलिदा-ओपांनी त्याचे दोन्ही हात धरले. "हेच हवं होतं, तुरोब-आका. माझ्या अंगावर अजून काटा आहे बघा." मग त्या दंड चोळत म्हणाल्या, "तेवढे पाहुणे चहाला थांबले असते तर बरं झालं असतं."

"कोणते पाहुणे?"

होलिदा-ओपा गोंधळल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. रिसोलत एकटीच होती तिथं. ती एका हातानं दार उघडं धरून उभी होती, आणि गरजेपेक्षा बराच वेळ धरून राहिली. मग ती बाहेर पडली.

तुरोबला तिथून कुठंही जाता आलं असतं. फरगाण्याला त्याची बहीण होती. स्टेशन पाच मिनिटांवर होतं. पेटी खाली ठेवून तो भवनाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ उभा राहिला आणि त्यानं विचार केला, की ती घरी एकटी असेल. मग त्यानं विचार केला, की ती एकटी नसेल. त्यानं पेटी उचलली.

घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. अंगणातल्या उंच, चौथऱ्यासारख्या लाकडी बैठकीवर दस्तरखान अंथरलेलं होतं. जर्दाळू, बदाम, चहाची किटली, सुपारीएवढ्या साखरेच्या खड्यांची वाटी. द्राक्षाच्या वेलातून कलतं ऊन येत होतं. रिसोलत पलीकडच्या बाजूला पाय दुमडून बसली होती आणि गुणगुणत होती. ते गाणं तिनं दावरोन पाळण्यात असताना म्हटलेलं त्याला आठवत होतं. ती सुंदर दिसत होती.

"या," ती म्हणाली. "चहा निवतोय."

तो चढून तिच्या समोर बसला. तिनं पियाला भरून त्याच्या हातात दिला. मग आणखी एक भरला आणि दोघांच्या मधे, कुणीच नसलेल्या कडेला ठेवला. तुरोब त्याच्याकडे बघायचं टाळत राहिला. त्यातल्या चहावर वाफ येत होती. काही वेळानं ती यायची थांबली.

बैठकीच्या फळ्या करकरल्या. आधी कडेची, मग तिच्या आतली, मग त्याच्या मांडीखालची. कडेला कुणी जड बसावं तशी त्याची बाजू थोडी वर उचलली गेली.

"दादासी," रिसोलत लाडानं म्हणाली, "असे मधोमध काय बसलात? सरका की जरा."

तुरोबनं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

तो सरकला.